एक कुंपण, तीन पहारे

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रातला एखादा संच मोठ्या दुरुस्तीसाठी बंद होतो, तेव्हा बॉयलरच्या आतल्या झिजलेल्या नळ्या कापून नव्या जोडल्या जातात. जोड वरून कितीही चांगला दिसला, तरी आत पोकळी राहिली असेल तर नळी फुटते आणि संच पुन्हा बंद पडतो. म्हणून वेल्डिंगचे गॅमा किरणांनी फोटो काढतात. या कामाला रेडिओग्राफी म्हणतात आणि ते बहुधा रात्री चालतं. दिवसपाळीची माणसं खाली उतरली की जागेला दोरी बांधतात, लाल दिवा लावतात, पिवळ्या पाटीवरचं तीन पाकळ्यांचं चिन्ह टांगतात. मग दोघं जण एक जड पेटी घेऊन वर चढतात. पेटीला एका बाजूनं लवचीक नळी जोडायची, तिचं टोक वेल्डिंगपाशी बांधायचं, पलीकडे फिल्म लावायची. नंतर लांब उभं राहून हँडल फिरवायचं. हँडलबरोबर पोलादी तार सरकते आणि तिच्या टोकाची इरिडियम-१९२ ची बारीकशी गोळी पेटीतून निघून नळीतून जोडापर्यंत पोचते. काही मिनिटांनी हँडल उलटं फिरवलं की गोळी परत पेटीत. त्यानंतर सर्व्हे मीटर हातात धरून पेटीकडे जायचं, गोळी खरोखर आत आली आहे का हे मीटरवर पाहायचं आणि मगच फिल्मला हात लावायचा. छातीवर टीएलडी बिल्ला लावलेला असतो. अंगावर किती किरणोत्सर्ग पडला, ते त्यावरून नंतर कळतं.

या एका पेटीत आपल्या विषयाच्या तिन्ही बाजू आहेत, म्हणून सुरुवात तिच्यापासून केली.

पहिली बाजू माणसाच्या जिवाची. १९९९ च्या फेब्रुवारीत पेरू देशातल्या यानांगो जलविद्युत प्रकल्पावर अशीच एक गोळी पेटीतून सुटून बाहेर पडली. एका वेल्डरनं ती उचलून पँटच्या मागच्या खिशात टाकली आणि काही तास तशीच बाळगली. त्याचा पाय कापावा लागला. दुसरी बाजू चोरीची. इरिडियम-१९२ चा जोर ७४ दिवसांत निम्मा होतो, म्हणून गोळ्या वरचेवर बदलाव्या लागतात. म्हणजे त्या रस्त्यानं येतात, रस्त्यानं जातात आणि मधल्या काळात कुठल्यातरी खोलीत कुलपात असतात. त्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, हा बंदोबस्ताचा प्रश्न झाला. तिसरी बाजू सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. गॅमा किरणं अडवायला शिसं चालतं, पण युरेनियम शिशापेक्षाही घन. त्यामुळे अशा पेट्यांच्या अनेक बनावटींमध्ये आतलं कवच संक्षीण युरेनियमचं असतं, म्हणजे समृद्ध युरेनियम काढून घेतल्यावर जे उरतं त्याचं. त्याचा बॉम्ब होत नाही. पण ते युरेनियमच. अण्वस्त्रप्रसारबंदी करार मान्य केलेल्या बिगर-अण्वस्त्र देशांना अशा कवचांचाही हिशेब व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला, म्हणजे आयएईएला, कळवावा लागतो.

अपघात होऊ नये याची काळजी, चोरी-घातपात होऊ नये याचा बंदोबस्त आणि अणुपदार्थ शस्त्रांकडे वळू नये यासाठीचा हिशेब, असे हे तीन पहारे. अणुउद्योगात तिसऱ्याला सेफगार्ड्स म्हणतात. आपल्या जिल्ह्यांतल्या वाचकाला तो समजायला जड जाऊ नये. आलापल्लीच्या जंगलातून सागाचा ओंडका निघतो तेव्हा त्यावर क्रमांक पडतो, लांबी-गोलाई लिहिली जाते, वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का उमटतो आणि सोबत वाहतुकीचा पास, आपली टी.पी., जाते. नाक्यावर ओंडके मोजतात, शिक्का पाहतात, टी.पी.शी ताळा घालतात. अणुकेंद्रात आयएईएचा निरीक्षक येऊन नेमकं हेच करतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे तीन पहारे तीन वेगळ्या खात्यांचे असले, तरी ज्या कुंपणाआड ते उभे असतात तिथे ते एकमेकांच्या पायात येतात. त्यांचा मेळ आधी बसवला नाही तर तिन्ही कमकुवत होतात. आणि हे समजून घ्यायची वेळ चंद्रपूर-गडचिरोलीवर आली आहे.

*

वेळ आली आहे असं म्हणायला कारण आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी एनपीसीआयएल या सरकारी अणुवीज कंपनीनं २२० मेगावॉटच्या 'भारत स्मॉल रिअॅक्टर'साठी खासगी उद्योगांकडून प्रस्ताव मागवले. भरमसाट वीज खाणाऱ्या कारखान्यांनी स्वतःच्या वापरासाठी अणुभट्टी उभारायची, चालवायची मात्र एनपीसीआयएलनं, अशी ती कल्पना. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात अणुऊर्जा मोहीम जाहीर झाली: २०४७ पर्यंत १०० गिगावॉट, छोट्या भट्ट्यांच्या संशोधनाला २०,००० कोटी रुपये आणि २०३३ पर्यंत किमान पाच देशी छोट्या भट्ट्या. आयुष्य संपत आलेल्या कोळसा केंद्रांच्या जागी छोट्या भट्ट्या बसवण्याचा विचारही अणुऊर्जा विभागानं मांडला आहे. एप्रिल २०२५ मध्ये महानिर्मितीनं रशियाच्या रोसातॉमबरोबर थोरियमवरच्या छोट्या अणुभट्टीसाठी सामंजस्य करार केला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं 'शांती' कायदा मंजूर केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा त्यानं मागे टाकला आणि खासगी कंपन्यांसाठी अणुविजेचं दार उघडलं.

आता यापुढे आपला नकाशा ठेवून पाहा. महानिर्मितीचं सर्वांत मोठं केंद्र, २,९२० मेगावॉटचं, चंद्रपुरात आहे आणि त्याचे २१० मेगावॉटचे पहिले दोन संच याआधीच मोडीत निघाले आहेत. पोलादाचा उद्योग सुरजागडच्या लोहखनिजाच्या आधारानं गडचिरोलीत, कोनसरीत, उभा राहतो आहे. कोळशाची जुनी केंद्रं आणि विजेचे भुकेले पोलाद कारखाने, या दोन्ही गोष्टी ज्या थोड्या जिल्ह्यांत शेजारी-शेजारी सापडतात, त्यांत आपण आहोत. जागा ठरल्यावर प्रश्न विचारायला उशीर झालेला असतो. हे तारापूरकडे पाहून सांगता येतं, म्हणून आता तारापूरला जाऊ.

*

तारापूर आज पालघर जिल्ह्यात आहे, २०१४ पर्यंत ते ठाणे जिल्ह्यात होतं. बोईसरला लोकलमधून उतरलं की समुद्राकडे जाणारा रस्ता औद्योगिक वसाहतीतून जातो. देशातलं हे पहिलं अणुवीज केंद्र. उकळत्या पाण्याच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकनं बांधल्या. २८ ऑक्टोबर १९६९ पासून त्यांची व्यावसायिक वीज सुरू झाली आणि १९ जानेवारी १९७० रोजी इंदिरा गांधींनी केंद्र देशाला अर्पण केलं.

मुळात ही गोष्ट एका कराराची आहे. १९६३ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात तीस वर्षांचा करार झाला: अमेरिका तारापूरला समृद्ध युरेनियम देणार आणि ते इंधन आयएईएच्या नजरेखाली राहणार. या भट्ट्यांना नैसर्गिक युरेनियम चालत नाही. नैसर्गिक युरेनियमात कामाचं युरेनियम-२३५ जेमतेम ०.७ टक्के असतं, तारापूरच्या इंधनात ते दोन-अडीच टक्क्यांच्या आसपास लागतं. हे इंधन बाहेरून आणावं लागे, आणि बाहेरून आणलं की हिशेब आलाच.

हा हिशेब कसा होतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. एका भट्टीच्या गाभ्यात २८४ इंधन जुडगे बसतात. प्रत्येकाला क्रमांक. नवा जुडगा कोठारात किती दिवस होता, गाभ्यात कधी गेला, तिथून तलावात कधी आला, सगळं वहीत. वापरलेलं इंधन खोल पाण्याच्या तलावात ठेवतात, कारण ते गरमही असतं आणि प्रखर किरणोत्सर्गीही. पाण्यात त्याच्याभोवती निळसर उजेड दिसतो. निरीक्षकांकडे तोच उजेड टिपणारं उपकरण असतं. जुडगा खरा आहे की कोणी नकली नळ्यांचा सांगाडा ठेवला आहे, ते या निळ्या उजेडावरून कळतं. दोन तपासण्यांच्या मधल्या काळासाठी कॅमेरे आणि सील. आयएईएचं वर्षानुवर्षं वापरात असलेलं सील म्हणजे दोन धातूच्या टोपणांची एक चकती. टोपणाच्या आतल्या बाजूला मुद्दाम ओरखडे आणि डाग उमटवतात आणि बसवण्याआधी त्यांचा फोटो काढून ठेवतात. कोणत्याही दोन टोपणांवरचे ओरखडे सारखे नसतात. परतीच्या फेरीत निरीक्षक तार कापून चकती व्हिएन्नाला नेतो, तिथे ती उघडून ओरखडे जुन्या फोटोशी जुळवतात. कोणी मध्ये हात घातला असेल तर तो तिथे उघडा पडतो.

आणि हे सगळं कशासाठी? वापरलेल्या इंधनात प्लुटोनियम तयार होतं. आयएईएच्या हिशेबात आठ किलो प्लुटोनियम म्हणजे एका बॉम्बाची शक्यता धरण्याइतका साठा.

१८ मे १९७४ रोजी भारतानं पोखरणला अणुचाचणी केली. त्यातलं प्लुटोनियम तारापूरचं नव्हतं, ते मुंबईत ट्रॉम्बेच्या सायरस भट्टीतलं होतं. पण झळ तारापूरला बसली. अमेरिकेनं १९७८ मध्ये नवा कायदा करून इंधन घेणाऱ्या देशातल्या सगळ्याच अणुकेंद्रांवर आयएईएची तपासणी मान्य करण्याची अट घातली, भारतानं ती नाकारली आणि तारापूरचं इंधन अडकलं. १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी ३८ टन इंधन पाठवायचं ठरवलं, तेव्हा सिनेटमध्ये ते ४८ विरुद्ध ४६ अशा निसटत्या मतांनी तरलं. १९८२ मध्ये तोडगा निघून इंधन फ्रान्सकडून येऊ लागलं, पुढे चीनकडून, नंतर रशियाकडून. १९९३ मध्ये मूळ करार संपला. कायद्यानं भारत मोकळा होता. तरीही भारतानं आयएईएशी वेगळा करार करून तारापूरवरची सीलं तशीच राहू दिली. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. पुढे २००८ मध्ये अणुपुरवठादार गटानं भारताला सवलत दिली, तेव्हा भारताच्या पाठीशी जी पत होती, तिच्यात तारापूरचा हा जवळपास चार दशकांचा स्वच्छ हिशेब होता.

पण एका पहाऱ्याच्या भांडणाचं ओझं दुसऱ्यावर कसं पडतं, हेही तारापूरमध्येच दिसलं. वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करायची भारताची इच्छा होती, त्यासाठीचा कारखाना त्याच आवारात होता. अमेरिका संमती देईना. म्हणजे इंधन परतही जात नव्हतं आणि पुढेही जात नव्हतं. ते तलावात साठत राहिलं, आणि शेवटी साठवणीसाठी वेगळा तलाव बांधावा लागला. वाद हिशेबाचा होता, पण वर्षानुवर्षं पाणी थंड आणि स्वच्छ ठेवायचं, साठा दाटीनं पण सुरक्षित रचायचा, ही जबाबदारी केंद्रातल्या अभियंत्यांवर आली. सुटे भाग आणि तांत्रिक मदत आटली ती निराळीच. पुढे या भट्ट्यांची क्षमता २१० मेगावॉटवरून १६० वर आणावी लागली. तरी त्या चालल्या, आणि २०२० मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवल्या गेल्या तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. हे आपल्या अभियंत्यांचं कर्तृत्व आहे, आणि ते तसं म्हटलं पाहिजे.

याच आवारात २००५ आणि २००६ मध्ये आणखी दोन भट्ट्या सुरू झाल्या, ५४० मेगावॉटच्या, संपूर्ण देशी. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवली गेली. त्या विस्थापितांचा लढा उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि अणुसुरक्षेवर लिहिताना त्यांना वगळणं मला जमणार नाही. कुंपणाबाहेर काढलेल्या माणसाचा केंद्रावर विश्वास नसेल, तर आणीबाणीच्या दिवशी लाउडस्पीकरवरून दिलेल्या सूचनेवर तो कसा विश्वास ठेवील?

तर, २००५ च्या जुलैत मनमोहन सिंग आणि जॉर्ज बुश यांचं संयुक्त निवेदन निघालं आणि भारतानं आपली अणुकेंद्रं नागरी आणि सामरिक अशी वेगळी करायचं मान्य केलं. त्या वाटाघाटींच्या वेळी अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर होते. कोणती केंद्रं कोणत्या यादीत टाकायची हे भारत ठरवील, आणि फास्ट ब्रीडर भट्ट्या नागरी यादीत जाणार नाहीत, ही भूमिका त्यांनी उघडपणे मांडली होती. शेवटी २२ पैकी १४ भट्ट्या नागरी यादीत गेल्या. तारापूरच्या १ आणि २ क्रमांकाच्या भट्ट्या त्यांत आहेत. ३ आणि ४ नाहीत.

याचा अर्थ नीट पाहावा. एकच आवार, पहारा एकाच केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा, सुरक्षिततेची नियामक एकच संस्था, आणीबाणीची जबाबदारी असलेला जिल्हाधिकारीही एकच. पण हिशेबाच्या बाबतीत दोन राज्यं. इकडच्या भट्टीत व्हिएन्नाची चकती, तिकडच्या भट्टीत फक्त दिल्लीचा हिशेब. असा दुहेरी संसार तारापूरनं सांभाळला आहे. देशाच्या सामरिक गरजेपुरता तो मला मान्य आहे. खासगी कारखान्याच्या आवारातल्या भट्टीत मात्र असली दुहेरी व्यवस्था कुठल्याही सबबीखाली नको.

*

तीन पहारे एकाच क्षणी कसे लागतात, ते कारवारजवळच्या कैगा अणुवीज केंद्रानं दाखवलं. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या कामगारांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीत किरणोत्सर्गी ट्रिटियमचं प्रमाण वाढलेलं आढळलं. एका-दोघांच्या नाही, पन्नासच्या आसपास माणसांच्या. भट्टीत गळती कुठेच नव्हती. शोध घेत घेत माणसं पोचली पिण्याच्या पाण्याच्या कूलरपाशी. कोणीतरी ट्रिटियमयुक्त जड पाणी त्यात मिसळलं होतं. आतलंच कोणीतरी, कारण त्या भागात बाहेरचा माणूस पोचूच शकत नाही.

या घटनेकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. बंदोबस्त हुकला, कारण तो बाहेरून येणाऱ्याकडे तोंड करून उभा होता. जड पाण्याच्या नमुन्याची बाटली कोणी नेली, परत आली का, हा साधा हिशेब ढिला पडला. आणि हे सगळं उघडकीला आणलं ते उरलेल्या, सुरक्षिततेच्या पहाऱ्यानं, म्हणजे आरोग्य विभागाच्या रोजच्या कंटाळवाण्या चाचणीनं. त्यानंतर कूलरना कुलपं लागली, कॅमेरे वाढले, जड पाण्याच्या नमुन्यांवर नजर आली.

आता उलटं उदाहरण. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात टर्बाइनच्या इमारतीला आग लागली. केबल जळाल्या, वीज गेली, नियंत्रणकक्ष धुरानं भरला आणि माणसांना तो सोडावा लागला. त्या काळोखात कर्मचारी हातात बॅटरी घेऊन वर चढले आणि बोरॉनचं द्रावण सोडणाऱ्या झडपा त्यांनी हातानं उघडल्या. डिझेलवरचे अग्निशमन पंप सुरू करून भट्टी थंड ठेवली. सतरा तास केंद्रात वीज नव्हती. देश वाचला तो या माणसांच्या धावपळीमुळे. आता विचार करा, घातपाताच्या भीतीनं त्या वाटेवरचं प्रत्येक दार कार्डाशिवाय उघडणार नाही असं केलेलं असतं, आणि वीज गेल्यावर कार्डाचं यंत्र बंद पडलं असतं, तर? बंदोबस्ताला दार बंद हवं असतं, आगीच्या रात्री तेच उघडं हवं असतं. दोन्ही मागण्या रास्त आहेत. म्हणूनच दार बसवण्याआधी दोन्ही खात्यांनी एका टेबलाशी बसायला हवं.

जगानं हे लिहून ठेवायला बराच वेळ घेतला. २००८ मध्ये जपानच्या पुढाकारानं जी-८ देशांच्या होक्काइदो परिषदेत तिन्ही पहारे एकत्र धरायची भाषा पुढे आली. २०१० मध्ये आयएईएच्या सल्लागार गटानं सुरक्षितता आणि बंदोबस्त यांच्या सांध्यावर वेगळी पुस्तिका काढली. मग आलं फुकुशिमा, आणि २०२२ मध्ये युक्रेनचं झापोरिझ्झिया. युरोपातलं सर्वांत मोठं, सहा भट्ट्यांचं केंद्र रशियन सैन्यानं मार्चमध्ये ताब्यात घेतलं. थंड करणाऱ्या यंत्रणेची वीज तुटत होती, सैनिक आवारात होते, आणि हिशेबाच्या कॅमेऱ्यांकडून व्हिएन्नाला जाणारी माहितीही मध्येच थांबली. तिन्ही पहारे एकदम कोलमडण्याच्या बेताला आले. सप्टेंबरमध्ये आयएईएचे प्रमुख राफाएल ग्रॉसी पथक घेऊन गोळीबाराच्या हद्दीतून तिथे पोचले आणि त्यांची माणसं तिथे मुक्कामाला राहिली.

*

आपल्याकडे पहाऱ्याची मालकी कोणाची? सुरक्षिततेसाठी अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी. स्थापना १५ नोव्हेंबर १९८३, मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला. ज्या विभागाच्या केंद्रांवर देखरेख करायची त्याच व्यवस्थेच्या छत्राखाली हे मंडळ राहिलं. २०१२ मध्ये महालेखापालांनी त्यावर कडक ताशेरे ओढले. स्वतंत्र प्राधिकरणाचं २०११ चं विधेयक पुढे बारगळलं. मंडळाला कायद्याचा दर्जा मिळायला 'शांती' कायदा यावा लागला. बंदोबस्त औद्योगिक सुरक्षा दलाकडे, बाहेर राज्य पोलिसांकडे. हिशेबासाठी अणुऊर्जा विभागात २०१३ मध्ये नियंत्रण आणि नियोजनाची शाखा निघाली. सेफगार्ड्स, निर्यात नियंत्रण आणि सुरक्षेचे विषय एकत्र पाहणं हे तिचं काम. दिल्लीच्या पातळीवर हा मेळ कागदावर तरी आहे. खाली, जिल्ह्याच्या पातळीवर, तो दिसत नाही.

खाली काय होतं ते दोन घटना सांगतात. २०१० च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० सापडलं. विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेतलं जुनं यंत्र लिलावात विकलं गेलं होतं. आत काय आहे हे भंगारवाल्याला माहीत असायचं कारण नव्हतं. एका कामगाराचा जीव गेला. घातपात नव्हता, अणुभट्टी नव्हती, नुसती एक जुनी वस्तू वहीतून सुटली होती. आणि २०२१ च्या मे महिन्यात राज्याच्या दहशतवादविरोधी पथकानं मुंबईत सुमारे सात किलो नैसर्गिक युरेनियम पकडलं. भाभा अणुसंशोधन केंद्रानं तपासून तसं सांगितलं. नैसर्गिक युरेनियमाचा लगेच बॉम्ब होत नाही, हे खरं. पण पोलिसाच्या हातात अशी पिशवी येते तेव्हा ती हाताळायची कशी, कोणाला फोन करायचा आणि कुठल्या वहीतून ती सुटली, हे तिन्ही प्रश्न त्याच मिनिटाला उभे राहतात. चंद्रपूरच्या रामनगर ठाण्यातल्या किंवा एटापल्लीच्या ठाण्यातल्या हवालदाराला या तिन्हींची उत्तरं कोणी शिकवली पाहिजेत की नाही?

*

आपल्या दोन जिल्ह्यांचे काही प्रश्न तारापूरला नव्हते. पहिला पाण्याचा. तारापूरला समुद्र आहे. आपल्याकडे इरई धरण आहे. २०१० च्या उन्हाळ्यात त्याचं पाणी तळाला गेलं तेव्हा औष्णिक केंद्राचे संच बंद ठेवावे लागले. कोळशाचा संच बंद केला की विस्तव विझतो, प्रश्न संपतो. अणुभट्टी बंद केली तरी तिच्या इंधनातून उष्णता निघतच राहते, सुरुवातीला पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के, नंतर हळूहळू कमी. मे महिन्यात, पारा ४७ वर असताना, बंद पडलेल्या भट्टीलाही पाणी द्यावंच लागेल. ते पाणी शहराच्या नळाचं आणि शेताचं असणार की त्यासाठी वेगळं राखून ठेवणार, हे आधी सांगितलं पाहिजे.

दुसरा रस्त्यांचा. १ मे २०१९ रोजी कुरखेड्याजवळ जांभुळखेडा इथे भूसुरुंगाच्या स्फोटात शीघ्र कृती दलाचे १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक मारले गेले. आता परिस्थिती बदलते आहे. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवाद्यांचा मोठा नेता भूपती यानं साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. ही आनंदाची गोष्ट आहे. पण अणुभट्टीचं आयुष्य पन्नास-साठ वर्षांचं असतं, आणि इतक्या काळासाठी कुठल्याही टापूच्या शांततेची हमी कोणी देऊ शकत नाही. इंधन ज्या रस्त्यानं येणार, त्याच रस्त्यानं आणीबाणीत गावं बाहेर काढायची आहेत. आपत्कालीन नियोजनाचा टापू अणुकेंद्राभोवती १६ किलोमीटरचा धरला जातो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे इथल्या शाळकरी मुलालाही माहीत आहे. अशा मुलखात पोलिसांचा नाकाबंदीचा आराखडा आणि महसूल खात्याचा लोकांना बाहेर काढायचा आराखडा दोन वेगळ्या कपाटांत राहिले, तर त्या दिवशी पोलीस रस्ता बंद करतील आणि तहसीलदार त्याच रस्त्यावर बस पाठवतील.

तिसरा गुप्ततेचा, आणि मला सर्वांत जास्त काळजी याची वाटते. पहारेकरी किती, कुठे, कोणत्या वेळी, हे गुप्त राहिलंच पाहिजे. पण हवेत-पाण्यात किती किरणोत्सर्ग आहे, सायरन वाजला तर कुठल्या शाळेत जमायचं, आयोडीनच्या गोळ्या कोणाकडे आहेत, हे लपवण्यासारखं काहीच नाही. १९६२ च्या कायद्यात कलम १८ खाली माहितीवर निर्बंध घालता येत होते, नव्या कायद्यातही माहिती गोपनीय ठरवण्याचा अधिकार सरकारकडे आहे. बंदोबस्ताच्या पांघरुणाखाली सुरक्षिततेची माहिती झाकली जाणं, हा या तीन पहाऱ्यांमधला सर्वांत जुना आणि सर्वांत घातक घोटाळा आहे.

हिशेब उघडा ठेवायचं वावडं या मातीला नाही. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या टी.पी.चं पुस्तक तिच्या हाती आलं. आपल्या जंगलातून किती बांबू गेला, कोणाला, कितीला, हे गावासमोर मांडणारी माणसं आपल्याकडे आहेत. त्यांना अणुभट्टीचं गणित समजणार नाही, असं कोणी म्हणू नये.

मी अणुविजेच्या विरोधात नाही. कोळशानं चंद्रपूरच्या हवेचं आणि फुप्फुसांचं काय केलं आहे ते इथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही, आणि कोळशाला पर्याय शोधणं भाग आहे. पण तो पर्याय आपल्या दारात येणार असेल तर माझी मागणी ठोस आहे. जनसुनावणीच्या व्यासपीठावर जिल्हाधिकाऱ्यांच्या शेजारी एईआरबीचा, औद्योगिक सुरक्षा दलाचा आणि अणुऊर्जा विभागाच्या नियंत्रण शाखेचा, असे तिघे अधिकारी एकाच वेळी बसवा. बंद भट्टीच्या पाण्याचं विचारलं की एकानं उत्तर द्यावं, रस्त्याचं विचारलं की दुसऱ्यानं, आणि भट्टी आयएईएच्या यादीत जाणार की नाही असं विचारलं की तिसऱ्यानं. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या उत्तराशी जुळतं का, ते सगळ्यांसमोर कळेल.

जनसुनावणीची नोटीस किमान तीस दिवस आधी निघते. ती निघाली की लेखी प्रश्न महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चंद्रपूर कार्यालयात देता येतात. ग्रामसभेच्या ठरावासह द्या, आणि पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका.